दुकानातील मागणी आणि टेबलाभोवतीची मागणी : स्पेस ऑपेरा भूमिकाखेळांच्या बाजारपेठेचा विचार

विषयाची मांडणी

तारकासाम्राज्यांच्या कथांना विसाव्या शतकात जगभर मोठा वाचकवर्ग आणि त्याहूनही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. चित्रपट, दूरचित्रवाणी, कादंबरी आणि संगणकावरील खेळ या चारही क्षेत्रांत अशा कथांनी दीर्घकाळ आघाडीचे स्थान राखले. परंतु ज्या क्षेत्रात चारपाच माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि बोलता बोलता स्वतःच कथा रचतात, त्या क्षेत्रात याच कथांना पन्नास वर्षांत दुय्यम स्थान मिळाले. ही तफावत कशामुळे निर्माण झाली, अशा खेळांना खरोखर किती आणि कोणत्या प्रकारची मागणी आहे, आणि ज्या मोजक्या खेळांनी ही मागणी दीर्घकाळ टिकवली त्यांच्या यशाचे रहस्य कशात आहे, हे तीन प्रश्न प्रस्तुत व्याख्यानाच्या केंद्रस्थानी आहेत.

विवेचनापूर्वी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, ज्याला पुढे भूमिकाखेळ असे म्हटले आहे, हा असा खेळ असतो की ज्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते हे शब्दांत सांगतो. गेम मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो. आणि एखाद्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेव्हा फासे टाकून, नियमपुस्तकाच्या आधारे, तो ठरवला जातो. स्पेस ऑपेरा हा विज्ञानकथेचा असा उपप्रकार आहे की ज्यात ताऱ्याताऱ्यांमधला प्रवास सहजसाध्य मानलेला असतो आणि कथेचा भर वैज्ञानिक प्रश्नाच्या उकलीपेक्षा साम्राज्ये, युद्धे, व्यापार, निष्ठा आणि साहस यांवर असतो. अमेरिकी लेखक विल्सन टकर यांनी १९४१ साली ही संज्ञा साचेबद्ध अंतराळकथांची हेटाळणी करण्यासाठी वापरली होती. तथापि पुढील काही दशकांत ती साहित्यप्रकाराचे तटस्थ, किंबहुना अभिमानाने मिरवलेले नाव बनली.

बाजारपेठेचे स्वरूप आणि तिचा असमतोल

भूमिकाखेळांची बाजारपेठ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात जन्माला आली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली टीएसआर या नवख्या संस्थेने प्रसिद्ध केला, त्या वेळी पहिल्या आवृत्तीच्या केवळ १,००० प्रती काढल्या होत्या आणि खोक्यांची जुळणी घरातच केली जात होती. तलवारी, जादू, भुयारे आणि राक्षस यांच्या या खेळानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९७६ साली, त्याच संस्थेने जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ हा खेळ आणला, ज्यातील पात्रे पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या एका अवाढव्य अंतराळयानात राहत असतात आणि आपण यानात आहोत हेही विसरून गेलेली असतात. अर्थात अंतराळाची कल्पना या माध्यमात उशिरा आली असे म्हणता येत नाही. ती जवळजवळ आरंभापासून उपस्थित होती, आणि म्हणूनच तिच्या दुय्यम स्थानाचे कारण काळाच्या क्रमात शोधून सापडत नाही.

गेल्या दशकात ही बाजारपेठ वेगाने वाढली. छंदखेळांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘आयसीव्ही-टू’ या व्यवसायपत्राच्या अंदाजानुसार अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील भूमिकाखेळांची विक्री २०१३ साली सुमारे १.५ कोटी डॉलर होती, ती २०२० साली सुमारे १०.५ कोटी डॉलरपर्यंत पोहोचली. या वाढीमागे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ सालची पाचवी आवृत्ती, प्रत्यक्ष खेळाचे प्रक्षेपण करणारे ‘क्रिटिकल रोल’सारखे कार्यक्रम आणि दूरस्थ खेळाडूंना एकत्र आणणारी संगणकीय साधने ही प्रमुख कारणे होती. परंतु या वाढीचा सर्वांत मोठा वाटा एकाच खेळाकडे आणि एकाच साहित्यप्रकाराकडे गेला, आणि उरलेल्या भागात भयकथा, गुप्तहेरकथा, महानायककथा यांच्याबरोबरीने अंतराळकथेला आपली जागा शोधावी लागली.

खुद्द टीएसआरचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. या क्षेत्रातील सर्वांत मोठे वितरणजाळे हाती असताना तिने १९८२ साली ‘स्टार फ्रंटियर्स’ हा सोपा, आकर्षक खोक्यातला अंतराळखेळ आणला आणि काही वर्षांतच त्याचे प्रकाशन थांबवले. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ साली टीएसआर विकत घेतल्यानंतर १९९८ साली आलेली ‘ऑल्टर्निटी’ ही नियमपद्धतीही अल्पजीवी ठरली. जाहिरात आणि वितरण यांचा अभाव हे अपयशाचे कारण असते, तर निदान या दोन खेळांना तरी ते लागू पडायला नको होते. म्हणून कारणाचा शोध दुकानाच्या पलीकडे, प्रत्यक्ष खेळ जिथे घडतो त्या टेबलापाशी घ्यावा लागतो.

मागणीचे एकक

कादंबरी विकत घेणारा वाचक एकटा निर्णय घेतो आणि एकटाच तिचा उपभोग घेतो; चित्रपटाचा प्रेक्षकही तिकीट काढल्यानंतर दुसऱ्या कोणाच्या संमतीवर अवलंबून नसतो. भूमिकाखेळाचे तसे नाही. नियमपुस्तक साधारणपणे सूत्रधार विकत घेतो, परंतु त्या पुस्तकाचा खेळ होण्यासाठी आणखी तीनचार माणसांनी ठरलेल्या दिवशी एकत्र येण्यास, नवे नियम शिकण्यास आणि त्या विशिष्ट जगात काही महिने रमण्यास तयार व्हावे लागते. त्यामुळे या बाजारपेठेत मागणीचे खरे एकक ग्राहक नसून गट असतो, आणि गटाची मागणी म्हणजे त्यातील सभासदांच्या आवडींची बेरीज नव्हे, तर ज्यावर सर्वांचे एकमत होते तेवढाच त्या आवडींचा सामाईक भाग होय. पाच जणांपैकी तिघांना तारकासाम्राज्य हवे असले आणि दोघांना ते परके वाटले, तर तो गट बहुधा पाचही जणांना चालेल अशा खेळाकडे वळतो.

या एका वैशिष्ट्यातून बाजारपेठेच्या दोन वरवर परस्परविरोधी गोष्टींचा उलगडा होतो. एकीकडे एका पुस्तकावर पाच माणसे वर्षभर खेळू शकतात, म्हणून विक्रीचा आकडा खेळाडूंच्या संख्येपेक्षा नेहमीच लहान असतो. दुसरीकडे अनेक पुस्तके केवळ वाचण्यासाठी, चित्रांसाठी आणि कल्पनेला खाद्य म्हणून घेतली जातात व त्यांचा खेळ कधीच होत नाही, म्हणून तोच आकडा प्रत्यक्ष खेळापेक्षा मोठाही ठरतो. अंतराळखेळांच्या बाबतीत ही दुसरी शक्यता अधिक प्रबळ आहे, कारण ग्रहांचे नकाशे, यानांचे आराखडे आणि परक्या समाजांची वर्णने एकट्याने वाचतानाही आनंद देतात. प्रकाशकाला दुकानात दिसणारी मागणी आणि टेबलाभोवती टिकणारी मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पुस्तक खपवते, दुसरी खेळ जिवंत ठेवते.

याला व्यापाराच्या रचनेची जोड मिळते. छापील पुस्तक वितरकामार्फत विकले जाते तेव्हा प्रकाशकाच्या हाती छापील किमतीच्या साधारण ४० टक्के रक्कम पडते आणि तीतूनच लेखन, चित्रे, छपाई व वाहतूक यांचा खर्च भागवावा लागतो. अशा स्थितीत एकच पुस्तक विकून प्रकाशनसंस्था तगत नाही. गट खेळत राहिला आणि त्याला नवी साहसे, नवे नकाशे, नवी पुरवणीपुस्तके हवीशी वाटली, तरच ती तगते. त्यामुळे टेबलाभोवतीची मागणी ही कलात्मक चिंता आहे तेवढीच ती आर्थिक गरजही आहे.

सामाईक चित्राचा प्रश्न

गटाचे एकमत सर्वांत सहज होते ते ज्या जगाचे चित्र सर्वांच्या मनात आधीच असते त्याबाबत. रामकथेच्या कीर्तनात कीर्तनकार कुठल्याही प्रसंगापासून आरंभ करू शकतो, कारण दशरथ कोण आणि लंका कुठे हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही. मध्ययुगीन वळणाच्या अद्‌भुत जगाने पाश्चात्त्य खेळाडूंमध्ये, आणि संगणकखेळांमुळे आता जगभरच्या खेळाडूंमध्ये, असेच सामाईक ज्ञान निर्माण केले आहे: एल्फ, बुटके योद्धे, ड्रॅगन, भुयारातला खजिना आणि गावातली खानावळ हे शब्द उच्चारताच पाचही जणांच्या मनात जवळपास सारखे चित्र उभे राहते.

अंतराळाचे असे एक सर्वमान्य चित्र अस्तित्वात नाही. कोणाच्या मनात गूढ शक्ती आणि प्रकाशाच्या तलवारी असतात, कोणाच्या मनात शिस्तबद्ध संशोधकांचे दल असते, कोणाच्या मनात कर्जबाजारी मालवाहू यानावरचा चालकवर्ग असतो, तर कोणाच्या मनात सरंजामी घराण्यांची सत्तास्पर्धा असते. यांपैकी प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आकर्षक आहे, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. तंत्रज्ञानाचे प्रश्न ही अडचण आणखी वाढवतात. खेळाडूंच्या पात्रांना संकटात संदेश पाठवून मदत मागवता येते का, यानावरील तोफेने शत्रूचा वाडा थेट उडवता येतो का, यंत्रमानव असताना माणूस धोका का पत्करतो, असे प्रश्न तलवारीच्या जगात पडत नाहीत. अंतराळाच्या जगात ते पहिल्याच संध्याकाळी पडतात आणि त्यांची सुसंगत उत्तरे सूत्रधाराला तिथल्या तिथे द्यावी लागतात.

यानांच्या लढाईतही खास अडचण आहे. भुयारातल्या लढाईत प्रत्येक पात्राला स्वतःची चाल असते, पण यानांच्या लढाईत पाच पात्रे एकाच वाहनात असतात, आणि नियम काळजीपूर्वक रचलेले नसतील तर चालक आणि तोफची सोडून बाकीचे खेळाडू नुसते बसून राहतात. अलीकडच्या खेळांनी कप्तान, चालक, अभियंता, तोफची, संवेदकांवर नजर ठेवणारा अशी कामे वाटून देऊन या प्रश्नाला उत्तर शोधले आहे. तरीही वाचताना सर्वांत रोमहर्षक वाटणारा प्रसंग टेबलावर सर्वांत कंटाळवाणा होण्याचा धोका या प्रकारात कायम असतो, आणि हा धोका पत्करण्याची गटाची तयारीच मागणीची मर्यादा ठरवते.

पहिला मार्ग : उसने घेतलेले जग

सामाईक चित्राची उणीव भरून काढण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लोकप्रिय चित्रपटाचे किंवा मालिकेचे जग परवान्याने घेणे. फासा या संस्थेने १९८२ साली ‘स्टार ट्रेक’वर आणि वेस्ट एंड गेम्सने १९८७ साली ‘स्टार वॉर्स’वर आधारित खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा खेळाडूंना जगाची ओळख करून देण्याचे कामच उरले नाही. वेस्ट एंड गेम्सच्या खेळाचे महत्त्व विक्रीपुरते मर्यादित नव्हते. १९८३ नंतर चित्रपटांची मालिका संपल्यासारखी दिसत असताना या खेळाच्या लेखकांनी त्या विश्वातील प्रजाती, ग्रह, याने आणि संस्था यांची पद्धतशीर नोंद केली. चित्रपटात क्षणभर दिसलेल्या अनेक परग्रहवासीयांना त्यांची नावे या खेळाच्या पुस्तकांतून मिळाली. आणि टिमथी झान हे १९९१ साली प्रसिद्ध झालेली नव्या पर्वाची कादंबरी लिहीत असताना त्यांच्या हाती संदर्भ म्हणून हीच पुस्तके देण्यात आली.

परंतु उसने घेतलेल्या जगाची मालकी नेहमी दुसऱ्याकडे राहते. फासाचा ‘स्टार ट्रेक’ परवाना १९८९ साली संपला, आणि त्यानंतर ते जग १९९८, २००२ आणि २०१७ साली तीन वेगवेगळ्या प्रकाशकांकडून, प्रत्येक वेळी वेगळ्या नियमांसह, पुन्हा आणले गेले. ‘स्टार वॉर्स’चा परवाना वेस्ट एंड गेम्सच्या १९९८ सालच्या दिवाळखोरीनंतर विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे आणि २०१० नंतर फँटसी फ्लाइट गेम्सकडे गेला. दर हस्तांतरणात जुनी पुस्तके छापून निघेनाशी झाली आणि खेळाडूंना नवे नियम शिकून, नवी पुस्तके घेऊन पुन्हा आरंभ करावा लागला. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या विश्वातील ‘डार्क हेरेसी’ या खेळाची २००८ साली पहिली आवृत्ती वेगाने संपली, आणि त्याच सुमारास मूळ कंपनीने खेळ काढणारा आपला विभागच बंद करण्याचे जाहीर केले, ज्यामुळे पुढील प्रकाशन दुसऱ्या संस्थेकडे सोपवावे लागले. मागणी भरपूर असूनही खेळाचे आयुष्य मागणीवर अवलंबून राहत नाही, ही परवान्याच्या मार्गाची मूलभूत उणीव आहे. चांगल्या विक्रीने ती भरून निघत नाही.

दुसरा मार्ग : जग घडवण्याची रीत

याच्या नेमक्या विरुद्ध मार्गाने गेलेला खेळ म्हणजे ‘ट्रॅव्हलर’ होय. मार्क मिलर यांनी रचलेला आणि इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने १९७७ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ तीन लहान काळ्या पुस्तिकांच्या खोक्यात आला. त्या पुस्तिकांत कोणत्याही तयार साम्राज्याचे वर्णन नव्हते. पुढे प्रसिद्ध झालेले ‘थर्ड इम्पेरियम’ हे कथाविश्व मुख्यतः १९७९ पासूनच्या पुरवणीपुस्तकांतून विस्तारले. मूळ पुस्तिकांत होती ती जग घडवण्याची रीत. फासे टाकून ग्रहाचा आकार, वातावरण, पाण्याचे प्रमाण, लोकसंख्या, शासनप्रकार, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञानाची पातळी ठरवली जात असे आणि हे सर्व वर्णन काही अक्षरांच्या व अंकांच्या एका ओळीत मावत असे. त्या ओळीतून जिवंत समाजाची कल्पना करणे हे सूत्रधाराचे आणि गटाचे काम होते. पात्राचा पूर्वेतिहासही अशाच रीतीने, चार चार वर्षांच्या सेवेचे टप्पे ओलांडत घडत असे, आणि मूळ नियमांत तर खेळ सुरू होण्याआधीच पात्राचा सेवेत मृत्यू होण्याची शक्यता होती.

‘ट्रॅव्हलर’ने तंत्रज्ञानाचे प्रश्नही एका धाडसी गृहीतकाने सोडवले. एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडे झेप घेण्यास यानाला सुमारे एक आठवडा लागतो आणि यानापेक्षा वेगवान संदेशवहन अस्तित्वातच नाही, एवढे एक विधान मान्य केले की राजधानीची आज्ञा सीमेवर पोहोचण्यास महिने लागतात, सरहद्दीवरील अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावे लागतात, आणि संकटात सापडलेल्या यानाला मदतीची वाट न पाहता स्वतःची सुटका स्वतःच करावी लागते. शिडाच्या जहाजांच्या युगातील समाजरचना अशा रीतीने तारकांच्या अंतरांवर नेली गेली आणि साहसाला तर्कशुद्ध आधार मिळाला.

याहून मार्मिक आहे ती कर्जाची योजना. यानाच्या किमतीच्या २० टक्के रक्कम आगाऊ भरून उरलेल्यासाठी दरमहा किमतीचा २४० वा भाग असे ४८० हप्ते, म्हणजे ४० वर्षे, भरण्याची तरतूद नियमांत होती, ज्यामुळे एकूण परतफेड मूळ किमतीच्या २२० टक्के होत असे. दर महिन्याचा हप्ता, इंधन, पगार आणि बंदरखर्च भागवण्यासाठी यानाच्या मालकांना माल उचलावा लागे, भाव पाहून सौदा करावा लागे आणि वेळप्रसंगी कायद्याच्या कडेला असलेले काम स्वीकारावे लागे. पात्रे एकत्र का राहतात आणि पुढच्या ग्रहावर का जातात, या अंतराळखेळाच्या सर्वांत अवघड प्रश्नाचे उत्तर हप्त्याच्या तारखेत होते. सूत्रधाराने कथा तयार करून आणली नाही तरी गटापुढे करण्यासारखे काही ना काही नेहमी असे, आणि टेबलाभोवतीची मागणी टिकते ती अशाच सोयीमुळे.

या रचनेचे सामर्थ्य तिच्या आयुष्यमानावरून सिद्ध होते. मूळ प्रकाशनसंस्था १९९६ साली बंद पडली, तरी ‘ट्रॅव्हलर’ वेगवेगळ्या प्रकाशकांकडे नव्या आवृत्त्यांत निघत राहिला. २०१२ साली त्याच्या पाचव्या अवताराला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे २ लाख ९४ हजार डॉलरचे पाठबळ मिळाले, आणि मंगूज या ब्रिटिश संस्थेच्या २००८ व २०१६ सालच्या आवृत्त्यांनी त्याला नवी पिढी मिळवून दिली. केव्हिन क्रॉफर्ड यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला ‘स्टार्स विदाउट नंबर’ हा खेळ याच परंपरेचा वारस म्हणावा लागेल. त्यात ग्रहांना वैशिष्ट्यदर्शक खुणा देऊन कथेची बीजे तयार केली जातात, आणि दोन बैठकांच्या दरम्यान सूत्रधार विविध सत्तागटांच्या हालचाली स्वतंत्रपणे खेळून जग पुढे सरकवतो. या खेळाची एक आवृत्ती विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली, ज्यामुळे गटातील कोणालाही पैसे न मोजता तो वाचून पाहता आला आणि एकमत होण्यातील पहिला अडथळा दूर झाला. २०१८ सालच्या ‘स्कम अँड व्हिलनी’ने हाच विचार वेगळ्या रीतीने राबवला: खेळाच्या आरंभी संपूर्ण गट तीन यानांपैकी एक निवडतो, आणि तस्करी, इनामी गुन्हेगारांचा शोध की बंड, यांपैकी कोणती मोहीम खेळायची हे त्या निवडीतच ठरते. सामाईक चित्र बाहेरून आणण्याऐवजी ते पहिल्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवणे, हे या सर्व खेळांचे समान सूत्र आहे.

तिसरा मार्ग : ओळखीच्या जगाचे स्थलांतर

या दोहोंच्या मध्ये आणखी एक मार्ग आहे. अद्‌भुतकथेचे सर्वपरिचित चित्रच अंतराळात नेण्याचा प्रयत्न टीएसआरने १९८९ साली ‘स्पेलजॅमर’मध्ये केला होता; पैझो या संस्थेने २०१७ साली आणलेला ‘स्टारफाइंडर’ हा त्या मार्गावरील ठळक यशस्वी खेळ ठरला. पैझोच्या ‘पाथफाइंडर’ या अद्‌भुतखेळाच्या विश्वाचा दूरचा भविष्यकाळ त्यात कल्पिलेला आहे. जादू आणि याने एकत्र नांदतात, मूळ ग्रह गूढरीत्या नाहीसा झालेला आहे, आणि त्या घटनेच्या काळातील इतिहास सर्वांच्या स्मृतीतून पुसला गेला आहे. खेळाडूला नियमांचा गाभा ओळखीचा वाटतो, त्यामुळे नवे शिकण्याचा भार कमी होतो. ज्या गटांनी केवळ परकेपणामुळे अंतराळाकडे पाठ फिरवली असती त्यांना या खेळाने दार उघडून दिले, हे त्याचे श्रेय आहे. मात्र त्याच ओळखीमुळे अंतराळाचे स्वतःचे प्रश्न, म्हणजे अंतर, एकाकीपणा आणि परक्या समाजांची भिन्नता, त्यात काहीसे मागे पडतात.

लोकवर्गणीचा पुरावा

किकस्टार्टरसारख्या माध्यमांतून छपाईआधीच लोकवर्गणी गोळा करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून मागणी मोजण्याचे एक नवे साधन उपलब्ध झाले. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकेवर आधारलेल्या ‘अवतार लेजंड्स’ या खेळाला २०२१ साली सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले, आणि ब्रँडन सँडरसन यांच्या कादंबऱ्यांवरील ‘कॉस्मिअर’ खेळाने २०२४ साली १.५ कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. हे दोन्ही अद्‌भुतकथेच्या जगातले खेळ आहेत. अंतराळाच्या बाजूला ‘मदरशिप’ या अंतराळ-भयखेळाने २०२१ साली १४ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. त्याचा विषय साम्राज्यांचा नाही, मालवाहू यानावर अडकलेल्या सामान्य कामगारांच्या भीतीचा आहे. तरी त्याच्या यशातून एक गोष्ट स्पष्ट होते. अंतराळाचे क्षेत्र अरुंद आणि नेमके केले, कोण कुठे आहे आणि काय बिघडले आहे हे एका वाक्यात सांगता आले, की गटाचे एकमत झटकन होते. विस्तीर्ण आकाशगंगा हे या प्रकाराचे वैभव असले, तरी प्रवेशद्वार लहान असावे लागते.

लोकवर्गणीचे आकडे सावधपणे वाचणेही आवश्यक आहे. वर्गणी हा भविष्यातील पुस्तकाला दिलेला पाठिंबा असतो. त्या पुस्तकाभोवती टेबल भरेल याची ती हमी नव्हे. ‘एक्स्पान्स’ कादंबरीमालेचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. टाय फ्रँक यांनी त्या विश्वाची आखणी प्रथम खेळासाठी केली होती आणि मित्रांबरोबर तो भूमिकाखेळ म्हणून खेळलाही होता. डॅनियल एब्रहॅम यांच्या साथीने त्याची पहिली कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली, पुढे दूरचित्रवाणी मालिका झाली, आणि त्यानंतर २०१९ साली ग्रीन रोनिन या संस्थेने त्यावर छापील भूमिकाखेळ काढला. कुठल्याही विक्रीच्या नोंदीत न आलेल्या एका टेबलावरून निघालेली कल्पना जगभर फिरून पुन्हा टेबलावर आली. बाजारपेठेच्या आकड्यांत या पहिल्या टेबलाला स्थान नाही, पण त्याच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

हक्क, भाषा आणि मराठी वाचक

जग घडवण्याची रीत गटाच्या हाती द्यायची, तर त्या रीतीवरील हक्क कोणाचा हा प्रश्न टाळता येत नाही. मंगूजने २००८ साली ‘ट्रॅव्हलर’चा नियमगाभा खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून दिला होता, नव्या आवृत्तीला ती मोकळीक राहिली नाही, तेव्हा जुन्या खुल्या मजकुराच्या आधारे २०१६ साली ‘सेफियस इंजिन’ ही स्वतंत्र नियमपद्धती उभी राहिली आणि तिच्या आश्रयाने अनेक लहान लेखकांना आपापली कथाविश्वे प्रसिद्ध करता आली. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जुना खुला परवाना बदलण्याच्या हालचालींना प्रकाशक आणि खेळाडू यांनी तीव्र विरोध केला, आणि २७ जानेवारी २०२३ रोजी विझर्ड्स ऑफ द कोस्टला आपला नियमसंदर्भ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला. या परवान्याचा अर्थ असा की श्रेयनिर्देश करून कोणीही, कोणत्याही भाषेत, त्या नियमांचे भाषांतर आणि रूपांतर करू शकतो.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध येथे येतो. मराठीत विज्ञानकथेची परंपरा समृद्ध आहे. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेच्या स्पर्धांतून तिला खतपाणी घातले, आणि अशाच स्पर्धेतून १९७४ साली जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा पुढे आली. या परंपरेने प्रामुख्याने पृथ्वी, प्रयोगशाळा आणि कुटुंब यांच्या निकट राहून वैज्ञानिक कल्पनेचे मानवी परिणाम तपासले. तारकासाम्राज्यांचे चित्र मराठी वाचकाकडे मुख्यतः परदेशी चित्रपटांतून आले. सामाईक चित्र उसने असेल तेव्हा जग घडवण्याची रीत अधिक मोलाची ठरते, हे वरील विवेचनावरून दिसून येते. खुल्या परवान्यातील नियमांचे मराठी रूपांतर करण्यास आज कायद्याचा अडसर नाही, आणि नियमपुस्तकाची भाषा खेळाडूच्या बोलण्याच्या भाषेशी जुळली तर गटात सामील होण्यासाठी इंग्रजी वाचनाची अट उरणार नाही. बोलण्यातूनच घडणाऱ्या खेळासाठी ही बाब गौण मानता येत नाही.

समारोप

स्पेस ऑपेरा भूमिकाखेळांना मागणी आहे का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु ती मागणी दुकानात तयार अवस्थेत वाट पाहत उभी नसते. लोकप्रिय जगाचा परवाना घेणारा प्रकाशक ती काही काळासाठी भाड्याने मिळवतो, आणि भाडेकरार संपला की गमावतो. ओळखीचे जग अंतराळात नेणारा प्रकाशक ती शेजारच्या क्षेत्रातून वळवून घेतो. जग घडवण्याची सुलभ, न्याय्य आणि आनंददायी रीत गटाच्या स्वाधीन करणारा प्रकाशक मात्र मागणी निर्माण करतो, आणि अशी मागणी मूळ संस्था बुडाल्यानंतरही, आवृत्त्या बदलल्यानंतरही, जवळजवळ अर्धशतक टिकू शकते, हे ‘ट्रॅव्हलर’च्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

या निष्कर्षाचे महत्त्व एका छंदाच्या व्यापारापुरते सीमित नाही. मनोरंजनाचा बहुतेक व्यवहार आज तयार जगे पुरवणाऱ्या थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटत असताना, काही माणसे एकत्र बसून संपूर्ण समाजाची, त्याच्या कायद्यांची, व्यापाराची आणि न्यायाची कल्पना स्वतः करतात व आपल्या निर्णयांचे परिणाम त्या कल्पित समाजात भोगून पाहतात, हा नागरी कल्पनाशक्तीचा मौल्यवान सराव आहे. प्रकाशकांनी नियम खुले आणि आरंभ सोपा ठेवावा, ग्रंथालयांनी अशा पुस्तकांना आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या गटांना जागा द्यावी, आणि भाषांतरकारांनी खुले नियम आपापल्या भाषांत आणावेत. या तिन्ही गोष्टी घडल्या तर तारकासाम्राज्यांच्या खेळाला ग्राहक शोधत फिरावे लागणार नाही, कारण त्याचे खेळाडू तो स्वतःच तयार करील.